शाळेची लॅब विंडोजवरून लिनक्सवर नेताना: आधी मराठी टायपिंग आणि प्रिंट, मग बाकीचं

विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून झाल्यावर शाळेची लॅब महिन्याभरात पुन्हा विंडोजवर जाते, ती बहुधा दोन कारणांनी. चाचणी परीक्षेची प्रश्नपत्रिका टाइप करायला बसलेल्या बाईंना मराठी कळफलक सापडत नाही, किंवा कार्यालयातल्या प्रिंटरमधून कागद बाहेर येत नाही. या दोन गोष्टी आधी सोडवल्या तर उरलेलं काम फारसं अवघड नाही. म्हणून या लेखात इन्स्टॉलेशनला थोडी आणि टायपिंग, फायली व छपाईला जास्त जागा दिली आहे.

विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. शाळांच्या लॅबमधली बरीच मशीन्स दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या पिढीची असतात. लिनक्सवर ती अजून चार-पाच वर्षं सहज चालतील. हा प्रयोग नवा नाही. केरळच्या सरकारी शाळांत गेली अनेक वर्षं मुलं लिनक्सवरच संगणक शिकतात, आणि सी-डॅक या सरकारी संस्थेचं 'बॉस' हेही डेबियन या प्रकारावर बेतलेलं लिनक्सच आहे.

आधी वही, मग पेन ड्राइव्ह

एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक मशीनला एक पान द्या. प्रोसेसर, रॅम, डिस्क फिरणारी हार्ड डिस्क आहे की वेगवान एसएसडी आणि किती जीबीची, वायफाय डोंगल आहे का, मशीन नव्या यूईएफआय पद्धतीने सुरू होतं की जुन्या लेगसी बायोसने, एवढं लिहा. त्याखाली दुसरी यादी करा: या मशीनवर नेमकं काय काम होतं? ही दुसरी यादीच खरी महत्त्वाची.

शालार्थ, यू-डायस प्लस, सरल या सरकारी पोर्टलची सगळी कामं ब्राउझरमध्ये होतात, त्यांना विंडोजशी देणंघेणं नाही. पण डिजिटल स्वाक्षरीचं टोकन, बायोमेट्रिक हजेरीचं सॉफ्टवेअर, टॅली, आणि डोंगल लावल्याशिवाय न उघडणारे ई-लर्निंगचे धडे यांपैकी काहीही एखाद्या मशीनवर चालत असेल तर त्याला हात लावू नका. कार्यालयातलं एक मशीन विंडोजवरच राहू द्या. त्यात कमीपणा काही नाही, उलट बाकीची पंधरा मशीन्स निवांत बदलता येतात. टायपिंगच्या सरकारी परीक्षेसाठी नोंदवलेली मशीन्स असतील तर तीही वगळा. तिथे कोणतं सॉफ्टवेअर चालेल हे परीक्षा घेणारे ठरवतात.

विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं 'वाइन' नावाचं साधन आहे, पण लॅबचा आराखडा त्याच्या भरवशावर आखू नका. आज चाललेला प्रोग्राम पुढच्या अपडेटनंतर रुसू शकतो. जुन्या धड्यांत फ्लॅशच्या फायली असतील तर त्या विंडोजच्या ब्राउझरमध्येही आता चालत नाहीत, कारण अडोबीने डिसेंबर २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद केलं. त्यांतल्या काही 'रफल' या प्लेअरमध्ये उघडतात. एकेक तपासून बघा.

कोणतं लिनक्स घ्यायचं

शाळेसाठी आमची निवड लिनक्स मिंट. मेनू डाव्या कोपऱ्यात, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला घरच्यासारखं वाटतं. मिंटच्या २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ४ जीबी आणि त्यापेक्षा जास्त रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्या, २ ते ४ जीबीच्या मशीनला हलकी एक्सएफसीई. दोन्ही ६४-बिट आहेत. २ जीबीपेक्षा कमी रॅमच्या मशीनवर डेस्कटॉप उघडेल, पण आजचे ब्राउझर तिथे दम टाकतात. अशा मशीनवर वेळ घालवण्यापेक्षा दोन मशीन्सची रॅम काढून एकात बसवलेली बरी.

पैसे खर्च करायला थोडी जरी मोकळीक असली तरी ते एसएसडीवर घाला. जुनी हार्ड डिस्क काढून १२० किंवा २४० जीबीची साटा एसएसडी बसवली की दहा वर्षांपूर्वीचं मशीन पटकन सुरू होतं. ही एकच गोष्ट केल्यावर शिक्षक म्हणतात 'लिनक्स फास्ट आहे हो'. खरं श्रेय एसएसडीचं असतं, पण मान डोलवावी.

उघडलेल्या मशीनमध्ये आणखी एक काम करून घ्या: मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. तो मेलेला असला की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि मग ब्राउझर प्रत्येक साइटला 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो, कारण साइटचं प्रमाणपत्र त्या मागच्या तारखेला अजून सुरूच झालेलं नसतं. लोक याचा दोष लिनक्सला देतात. नेट असेल तर लिनक्स वेळ आपोआप दुरुस्त करतं, नसेल तर नाही. शिवाय सेल गेल्यावर बायोसमधली बूटची क्रमवारीही पुसली जाते.

विंडोज असतानाच अर्धा रस्ता कापा

हा टप्पा सगळे गाळतात. लिनक्स टाकण्याआधी दोन-तीन महिने त्याच विंडोजवर लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं मोफत ऑफिस), फायरफॉक्स, व्हीएलसी, चित्रांसाठी गिंप, गणितासाठी जिओजेब्रा आणि पायथन शिकायला थॉनी टाका. ही सगळी दोन्हीकडे सारखीच चालतात. शिक्षकांचा हात एकदा लिबरऑफिसवर बसला की पुढे खालची सिस्टीम बदलली तरी त्यांचं फारसं अडत नाही. एकाच सोमवारी सिस्टीमही नवी, ऑफिसही नवं आणि कळफलकही नवा, असं केलं तर तक्रारींचा ढीग होईल आणि कुठली तक्रार कशामुळे आली तेही कळणार नाही.

लिबरऑफिसमध्ये लगेच करायचे बदल असे. 'व्ह्यू'मध्ये 'युजर इंटरफेस' उघडून 'टॅब्ड' निवडा, म्हणजे वर्डसारखी पट्टी येते. 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लोड/सेव्ह', 'जनरल' इथे फाइल कोणत्या प्रकारात साठवायची ते ठरवा. पंचायत समिती किंवा केंद्रप्रमुखांकडे जाणारी फाइल नुसती वाचायची असेल तर पीडीएफ, त्यांना त्यात भरायचं असेल तर डॉकएक्स किंवा एक्सएलएसएक्स. शाळेतल्या शाळेत ओडीटी आणि ओडीएस ठेवा. स्वतःच्या मूळ प्रकारात लिबरऑफिस मांडणी बिघडवत नाही.

निकालपत्रकाच्या एक्सेल फायली मात्र आधीच उघडून बघा. साधी सूत्रं नीट चालतात. बटण दाबल्यावर गुणपत्रक तयार करणारी, मॅक्रोवर चालणारी फाइल अर्धवट चालते किंवा नुसती गप्प बसते. अशा फायलींची यादी करा, आणि वार्षिक निकालाच्या आधी नाही तर दिवाळीच्या सुट्टीत त्या मॅक्रोशिवाय पुन्हा बांधा. एप्रिल-मेमध्ये लॅबची सिस्टीम बदलायला घेऊ नका.

कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया हे फॉन्ट लिनक्सवर नसतात. त्यांच्या मापाचे कार्लिटो आणि कॅलाडिया सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाकले की ओळी आणि पानं जागच्या जागी राहतात. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनची जागा लिबरेशन फॉन्ट आपोआप घेतात.

जुन्या मराठी फायली

शाळेच्या संगणकात दहा-पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, दाखले, ठरावांचे मसुदे पडलेले असतात, आणि त्यांतले निम्मे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा सुरेख अशा, युनिकोड ही आजची सर्वमान्य पद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये असतात. या फायलींत खरं मराठी नसतंच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. लिनक्सवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि 'मराठी' असं लिहिलेल्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. हे शिक्षकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर 'लिनक्सने डेटा खाल्ला' अशी बातमी शिक्षकांच्या खोलीत पोहोचेल.

उपाय दोन. नुसतं वाचायचं आणि छापायचं असेल तर परवान्यात बसत असल्यास तो फॉन्ट लिनक्सवरही टाकता येतो. टीटीएफ फाइलवर डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' म्हणायचं. पण पुढेही वापरायच्या फायली विंडोज असतानाच कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. रूपांतर झाल्यावर डोळ्यांखालून घालावंच लागतं. चुका ठरलेल्या जागी होतात: पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो, आणि 'त्र', 'श्र', 'क्ष' फुटतात. दाखल्यावरच्या नावांत अशी चूक राहिली तर ती महागात पडते, म्हणून नावांच्या याद्या दोघांनी मिळून वाचा.

एक मशीन नीट बसवा, मग त्याच्या प्रती काढा

मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची पूर्ण सिस्टीम) साधारण ३ जीबीची आहे, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. विंडोजवर रूफस किंवा एचर वापरून तो तयार करा. उतरवलेल्या फाइलची शा-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा) मिंटच्या साइटवरच्या बेरजेशी जुळवून घ्या. डोंगलवरून उतरवलेली फाइल मधेच तुटलेली असेल तर इन्स्टॉलेशन अर्ध्यावर विचित्र चुका देतं आणि माणूस डिस्कला दोष देत बसतो.

मशीन सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा: डेल, लेनोव्हो आणि एसर यांच्यावर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या बोर्डावर एफ८. पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालू होतं, डिस्कला स्पर्शही होत नाही. या अवस्थेत पाच गोष्टी तपासा: आवाज, लॅन, वायफाय, प्रोजेक्टर, प्रिंटर. वायफायचा स्वस्त यूएसबी डोंगल इथेच दगा देतो. तेव्हा लॅनची तार लावा, 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा आणि तिथे काही मिळत नसेल तर डोंगल बदलायचा विचार करा. लॅबमध्ये तारच बरी.

डिस्कवरचं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, डी ड्राइव्ह, आणि ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड व बुकमार्क. उतरवलेल्या फायलींतल्या चार-पाच दुसऱ्या मशीनवर उघडून खात्री करा. नव्या लॅपटॉपवर विंडोजने डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असू शकते. रिकव्हरी की लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विद्यार्थ्यांच्या मशीनवर दोन्ही सिस्टीम शेजारी-शेजारी ठेवण्याचा मोह टाळा. मुलं पहिल्या अडचणीला विंडोजमध्ये जातात आणि लिनक्स तसंच पडून राहतं. शिक्षकाच्या एखाद्या मशीनवर दोन्ही ठेवायचीच असतील तर विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना विंडोज पुरतं बंद होत नाही, डुलकी घेतं, आणि लिनक्सला त्याचे ड्राइव्ह नुसते वाचता येतात, त्यांत लिहिता येत नाही. अशा मशीनवर विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आणि आपला फरक साडेपाच तासांचाच आहे.

इन्स्टॉल करताना भाषा इंग्रजी निवडली तरी प्रदेश भारत निवडा. अमेरिका राहिलं तर कागदाचा आकार 'लेटर' होतो, आणि ए४ भरलेला प्रिंटर दुसरा कागद मागत लुकलुकत बसतो. मल्टिमीडिया कोडेक्सच्या चौकटीत खूण करा, म्हणजे गाणी-व्हिडिओ चालतात. खात्याचं नाव आणि मशीनचं नाव रोमन अक्षरांतच द्यावं लागतं. माणसाचं दिसणारं नाव देवनागरीत चालतं.

पहिलं मशीन पूर्ण सजवा: अपडेट, फॉन्ट, कळफलक, प्रिंटर, आणि जीकॉम्प्रिस, टक्स पेंट, जिओजेब्रा, स्टेलॅरियम, कलझियम, थॉनी हे प्रोग्राम. पेंटची सवय असलेल्यांसाठी कोलरपेंट टाका, ते हुबेहूब जुन्या पेंटसारखं आहे. नेट तुटक असेल तर किविक्स टाकून त्यात मराठी विकिपीडिया उतरवून ठेवा, म्हणजे नेटशिवायही मुलांना शोधाशोध करता येते.

मग क्लोनझिला वापरून या मशीनची प्रतिमा, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि बाकीच्यांवर ओता. इथे तीन गोष्टी नडतात. पहिली, लक्ष्य डिस्क मूळ डिस्कइतकी किंवा मोठी लागते. दोन कंपन्यांच्या '२४० जीबी' डिस्क नेमक्या सारख्या नसतात, म्हणून मूळ मशीन नेहमी लॅबमधल्या सर्वांत लहान डिस्कवर बनवा. दुसरी, यूईएफआय मशीनची प्रतिमा लेगसी मशीनवर सुरू होत नाही. वहीत ती नोंद म्हणूनच करायला सांगितली. दोन प्रकारची मशीन्स असतील तर प्रतिमाही दोन. तिसरी, प्रतिमा घेण्याआधी 'इटीसी' फोल्डरातली 'मशीन-आयडी' ही फाइल आतून रिकामी करा, पण फाइल उडवू नका. ती तशीच राहिली तर सगळी मशीन्स स्वतःची एकच ओळख सांगतात आणि काही नेटवर्कवर दोघांना एकच पत्ता मिळून दोघांचंही नेट तुटतं. ओतून झाल्यावर प्रत्येक मशीनचं नाव बदला, लॅब-०१, लॅब-०२ असं, आणि तेच नाव मॉनिटरवर चिकटवा.

मराठी कळफलक

शाळेत तीन प्रकारची माणसं टाइप करतात. इन्स्क्रिप्ट हा प्रमाण भारतीय कळफलक शिकलेली, टाइपरायटरवर रेमिंग्टन शिकलेली, आणि रोमनमध्ये लिहून मराठी उमटवणारी. तिघांची सोय करावी लागते.

इन्स्क्रिप्टसाठी काही वेगळं टाकावं लागत नाही. 'कीबोर्ड' सेटिंगमध्ये 'लेआउट्स' उघडा, अधिक चिन्ह दाबा आणि भारताखालचा मराठी इन्स्क्रिप्ट निवडा. तो यादीत नसेल तर 'इंडियन' नावाचा देवनागरी निवडा, अक्षरांच्या जागा त्याच असतात. इंग्रजी लेआउट यादीत पहिला ठेवा. भाषा बदलण्याची कळ 'ऑप्शन्स'मध्ये विंडोज-स्पेस अशी ठरवा. विंडोज १० मध्येही हीच असते, त्यामुळे बोटांना नवीन काही शिकावं लागत नाही.

रेमिंग्टन आणि रोमन पद्धतीसाठी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस आणि आयबस-एम१७एन ही टायपिंगची साधनं टाका, 'इनपुट मेथड'मध्ये आयबस निवडा, बाहेर पडून पुन्हा आत या. बाहेर पडल्याशिवाय काहीच बदलत नाही, आणि इथेच लोक 'होत नाही' म्हणून सोडून देतात. आयबसच्या मराठीच्या यादीत फोनेटिक, आयट्रान्स आणि गमभन मिळतात. रेमिंग्टन हिंदीच्या यादीत आहे. मराठी टाइपरायटरपेक्षा त्याच्या काही कळा वेगळ्या आहेत, तेव्हा लिपिकाला आठवडाभर तरी त्याची चाचणी घेऊ द्या. पटलं नाही तर त्यांचं मशीन विंडोजवर ठेवा. तीस वर्षं बोटांत बसलेली कळ कुणी लिनक्ससाठी बदलावी ही अपेक्षा चूक आहे.

आता बारीक गोष्टी. 'दुसऱ्या' हा शब्द इन्स्क्रिप्टमध्ये असा पडतो: ओ, जी, एम, मग शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. मधला तो शिफ्ट-जे म्हणजे खाली टिंब असलेला 'ऱ'. साधा जे दाबला तर रफार होऊन 'दुसर्या' होतं, आणि प्रश्नपत्रिकेत ते डोळ्यांत खुपतं. हा एक शब्द फळ्यावर लिहून ठेवा. तसंच 'ॲ' दोन प्रकारे तयार होतो, एकसंध किंवा 'अ'वर चंद्र लावून. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधताना एक दुसऱ्याला सापडत नाही. विद्यार्थ्यांच्या नावांच्या यादीत सगळ्यांनी एकच प्रकार वापरायचा असं ठरवा.

लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपेक्षा वेगळा धरला जातो. 'टूल्स', 'ऑप्शन्स'मधल्या भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ला खूण करून मराठी निवडा, आणि रायटरच्या 'बेसिक फॉन्ट्स'मध्ये त्याच नावाखाली लोहित, नोटो किंवा मुक्ता असा फॉन्ट व १४ आकार ठरवून टाका. हे केलं नाही तर इंग्रजी १२ आणि मराठी भलत्याच आकारात उमटतं आणि शिक्षक ओळ निवडून-निवडून दमतात. मजकुराची भाषा मराठी ठेवली की काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही.

एक सापळा मात्र हमखास लागतो. मराठी लेआउट चालू असताना स्क्रीन लॉक झाला, की पासवर्ड देवनागरीत पडतो. ठिपक्यांमुळे ते दिसत नाही आणि मशीन 'चुकीचा पासवर्ड' म्हणत राहतं. विंडोज-स्पेस दाबा किंवा लॉक स्क्रीनवरचं भाषेचं चिन्ह बदला. लॅबच्या मशीनवर स्क्रीन लॉकच बंद केलेला बरा.

प्रिंटर

नेटवर्कला जोडलेला अलीकडचा प्रिंटर बहुधा आपोआप सापडतो. अडचण जुन्या यूएसबी प्रिंटरांची. एचपीचे लेझरजेट १०२०, पी१००७, पी१००८, एम१००५ हे चालतात, पण त्यांना एचपीलिप या ड्रायव्हरसोबत एचपीचा वेगळा प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) लागतो. एचपीलिपचा टूलबॉक्स उघडा, प्रिंटर जोडा, तो प्लगइन मागेल, नेट चालू असताना उतरवू द्या. पुढे कधीतरी अपडेटमध्ये एचपीलिपची आवृत्ती बदलली की जुना प्लगइन जुळेनासा होतो आणि काल चालणारा प्रिंटर आज गप्प बसतो. तेव्हा प्लगइन पुन्हा टाकणं एवढंच करायचं. हे वाक्य वहीत प्रिंटरच्या पानावर लिहा.

कॅननचा एलबीपी २९०० शाळा-कार्यालयांत जागोजागी आहे आणि लिनक्सवर तोच सर्वांत हट्टी. त्याची कॅप्ट नावाची स्वतःची भाषा आहे. ड्रायव्हर मिळतो, बसतोही, पण दोन पानं छापून थांबण्याची खोड जात नाही. त्याच्याशी झुंजू नका. विंडोजवरून तो शेअर केला तरी लिनक्सला ड्रायव्हर लागतोच. सरळ मार्ग असा: कार्यालयातल्या विंडोज मशीनवर एक शेअर केलेलं फोल्डर, त्यात सगळ्यांनी पीडीएफ टाकायची, तिथून छापायचं. प्रश्नपत्रिका मात्र या फोल्डरात ठेवू नका, त्या पेन ड्राइव्हवरून हाताने न्या.

खाती, पाहुणे आणि पेन ड्राइव्ह

प्रत्येक मशीनवर प्रशासक एकच असावा आणि त्याचा पासवर्ड दोघांना माहीत असावा. एका शिक्षकाची बदली झाली म्हणून लॅब बंद पडू नये. मुलांसाठी साधं खातं, किंवा 'लॉगिन विंडो'च्या सेटिंगमधलं पाहुण्यांचं खातं. पाहुण्यांच्या खात्यात मुलांनी वॉलपेपर बदला, आयकॉन उडवा, काहीही करा, बाहेर पडलं की सगळं पहिल्यासारखं. त्याबरोबर त्यांनी साठवलेली फाइलही जाते. म्हणून लहान वर्गांना पाहुणे, आणि आठवी ते दहावीला, ज्यांचं काम पुढच्या तासिकेला चालू राहतं, वर्गवार खाती.

शिक्षकांना दोन तासिका पुरतात. सी ड्राइव्ह कुठे गेला, याचं उत्तर 'होम' फोल्डर. सॉफ्टवेअर हवं असेल तर गुगलवरून ईएक्सई उतरवायची नाही, सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायचं. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून चार वेळा रिफ्रेश मारायची सवय सोडली तरी मशीन मंद होणार नाही, तिकडेही होत नव्हतं.

सर्वांत जास्त वेळ पेन ड्राइव्हवर घालवा. लिनक्स कॉपी करताना मजकूर आधी मेमरीत घेतं आणि सवडीने पेन ड्राइव्हवर उतरवतं. पट्टी शंभर टक्के दाखवते, मुलगा पेन ड्राइव्ह उपटतो, घरी फाइल उघडत नाही. डाव्या बाजूला नावापुढचं बाहेर काढण्याचं चिन्ह दाबून 'आता काढा' असा संदेश येईपर्यंत थांबायचं. हे मुलांकडून दहा वेळा करून घ्या.

उलट एक गंमत दाखवण्यासारखी आहे. सायबर कॅफेतून शॉर्टकट व्हायरस घेऊन आलेला पेन ड्राइव्ह लिनक्सला लावा. विंडोजवर फोल्डर गायब आणि जागी शॉर्टकट दिसतात. इथे शॉर्टकटही दिसतात आणि लपवलेलं खरं फोल्डरही शेजारीच दिसतं, कधी बिननावाचं. विंडोजची 'लपवलेलं' ही खूण लिनक्सचा फाइल मॅनेजर मानत नाही. खऱ्या फायली उचलून घ्यायच्या, शॉर्टकट आणि अनोळखी ईएक्सई उडवायच्या, झालं.

रोजची निगा

पंधरा मशीन्सनी एका फोर-जी डोंगलवरून अपडेट उतरवायला घेतले तर दिवसाचा डेटा पहिल्या तासिकेतच संपतो. शिक्षकाच्या मशीनवर 'ॲप्ट-कॅशर-एनजी' टाका आणि बाकीच्यांना अपडेटसाठी त्याचा पत्ता व ३१४२ हा पोर्ट द्या. एकाने उतरवलेलं पॅकेज उरलेल्या चौदांना शाळेतल्या शाळेतच मिळतं.

मुलांचे पडदे एकाच ठिकाणी दिसावेत, शिक्षकाचा पडदा सगळ्यांना दाखवता यावा, संध्याकाळी सगळी मशीन्स एका क्लिकवर बंद व्हावीत यासाठी 'एपोप्टीस' आहे. शिक्षकाच्या मशीनवर मूळ प्रोग्राम, मुलांच्या मशीन्सवर त्याचा क्लायंट. क्लायंटने शिक्षकाच्या मशीनचं प्रमाणपत्र एकदा मागून घ्यावं लागतं, आणि शिक्षकाचं खातं एपोप्टीसच्या गटात असावं लागतं. यादी एखाद्या सकाळी रिकामी दिसली तर बहुतेक वेळा राउटरने शिक्षकाच्या मशीनला नवा पत्ता दिलेला असतो. तो पत्ता राउटरमध्येच पक्का करून टाका.

सिस्टीमच्या मागच्या स्थितीच्या प्रती राखणारा टाइमशिफ्ट चालू ठेवा, पण १२० जीबीच्या डिस्कवर दोनच प्रती राखा, नाहीतर वर्षअखेरीला डिस्क भरून लॉगिनच होत नाही. तसं झालंच तर मिंटचा पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू करा, त्यातला टाइमशिफ्ट उघडा आणि जुन्या प्रती काढा. तो पेन ड्राइव्ह पुसून गाणी भरायला देऊ नका. त्यावर 'मिंट' अशी चिठ्ठी लावून वहीबरोबर लॅबच्या कपाटात ठेवा.